मेथीची भिंत

दिगंबर आगाशे फोनवर कधी आवाज चढवत नसत. त्या सकाळीही त्यांनी तो चढवला नाही.

"अवनीबाई, आपण आमच्या गॅलरीत जी बाग टांगली होती, ती आज पहाटे स्वतःहून खाली उतरली आहे. सवड झाली की येऊन बघावं."

अवनी डोक्यावरून आंघोळ करून नुकतीच बाहेर आली होती. तिने ओले केस तसेच बांधले, स्कूटर काढली आणि बिबवेवाडीच्या दिशेने निघाली. वाटेत तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. एखादी कुंडी निसटली असेल, काकांना वाढवून बोलायची सवय आहे, येऊन बघावं म्हणाले म्हणजे कुणाला लागलेलं नसणार. मार्केट यार्डाच्या फाटकापाशी भाजीचे टेम्पो आडवे लागले होते. त्यांच्यातून वाट काढताना तिच्या लक्षात आलं की आपण हँडल फार घट्ट धरलंय.

अवनीचा धंदा तसा नवा होता. आधी ती एका इंटिरिअरवाल्यांच्या ऑफिसात नकाशे काढायची. लोकांच्या छोट्या छोट्या घरांत कपाटं कशी बसवायची, यात तिची बरीच वर्षं गेली. मग एकदा तिने स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी लोखंडी चौकट ठोकून तिच्यात आडव्या कुंड्या बसवल्या. मेथी, पालक, पुदिना, वरच्या रांगेत मिरच्या. जमिनीवर कुंडी ठेवायला जागा नाही, पण भिंत तर प्रत्येकाच्या घरात असतेच, हे तिचं साधं म्हणणं होतं. मैत्रिणीने करून घेतली, मैत्रिणीच्या जावेने करून घेतली, आणि बघता बघता ऑफिस सुटलं. कुणाच्याही घरी गेली की ती आधी ऊन कुठून येतं ते बघायची आणि मग विचारायची, भाजी खुडणार कोण? त्या माणसाचा हात कुठवर पोचतो ते मोजायची आणि त्याप्रमाणे रांगा लावायची. याचा तिला मनातून अभिमान होता.

आगाशांच्या गॅलरीत चौकट पालथी पडली होती. फरशीला तडा गेला होता. खाली प्लास्टिकची एक खुर्ची चेपली गेली होती. दिगंबरकाकांच्या पत्नी कुसुमकाकू माती झाडूने गोळा करत होत्या. सापडेल ती मेथी त्या चाळणीत बाजूला ठेवत होत्या. ती खुर्ची त्यांची होती. सकाळी चहा झाला की त्या तिथेच भाजी निवडत बसत.

अवनी भिंतीपाशी गेली. बोल्ट जिथे होते तिथे मुठीएवढी भगदाडं पडली होती. तिने एकात बोट घातलं. आत वीट नव्हती. पांढरा, भुसभुशीत ठोकळा होता. नखाने टोकरलं तरी त्याचा भुगा पडत होता. नव्या इमारतींत भिंतींना हेच हलके ठोकळे वापरतात, हे तिला ठाऊक होतं. त्यांत वजन टांगायचं तर वेगळे, लांब बोल्ट लागतात, हेही ठाऊक होतं. पण ही भिंत तिने बोटांनी ठोकून पाहिली होती, वरचा गिलावा जाड होता, आवाज भरीव आला होता, आणि तिने विटेच्या भिंतीचे बोल्ट मारले होते. ड्रिल करताना पांढरी पूड पडली तेव्हा ती पुट्टीची असेल असं तिने गृहीत धरलं होतं. आता चार दिवस झड लागली होती. कुंड्यांतली माती पाणी पिऊन दुप्पट जड झाली होती.

"बाकीच्या बागांनाही उतरायचं असेल, तर आधी कळवायला सांगा त्यांना," दिगंबरकाका मागून म्हणाले.

त्यांनी ते नेहमीच्या तिरकसपणे म्हटलं होतं. पण अवनी वळली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघून ते थट्टा विसरले. तिच्या मनात एकेक घर येऊन जात होतं. कसबा पेठेतलं, जुनं, विटांचं. पर्वतीच्या पायथ्याचं, तेही विटांचं, लाल भुगा पडला होता. कोथरूडचं, लाल. आणि मग आणखी एक घर आलं. तिथे पांढरी पूड पडली होती. तिला ती नीट आठवत होती, कारण ती खाली अंथरुणावर पडली होती आणि त्या घरच्या सुनेने चादर उचलून झटकली होती.

"अजून आहे का अशी एखादी? कुठे?" दिगंबरकाकांनी विचारलं.

"येरवड्याला. खाली एक आजारी माणूस झोपतो."

"मग इथे काय उभ्या आहात? आमचं राहू दे. निघा."

येरवड्याच्या त्या घरी वैजनाथ नावाचे गृहस्थ राहत होते. मूळचे परभणीकडचे. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलं, आणि निवृत्तीनंतर घरामागच्या तुकड्यात भाजी लावण्यात त्यांचा जीव रमला होता. मग अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि मुलगा शंभू त्यांना पुण्याला घेऊन आला. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एक खोली, एक स्वयंपाकघर आणि जाळी लावून बंद केलेली अरुंद गॅलरी. हवा खेळती राहावी म्हणून त्यांची खाट त्या गॅलरीत होती. शंभूची बायको सत्यशीला हिने अवनीचा पत्ता कुठूनसा मिळवला होता. मामांना भिंत बघत पडून राहावं लागतं, त्या भिंतीवर काही लावता आलं तर बघा, असं ती म्हणाली होती. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

अवनीने त्यांच्या डाव्या हाताचं माप घेतलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या खालची मेथी खुडता यावी, म्हणून तिने चौकट अगदी खाटेच्या वर आणली होती. खाट थोडी अलीकडे ओढायची का, असं सत्यशीलेने तेव्हा विचारलंही होतं. नको, हात पोचणार नाही, असं अवनीच म्हणाली होती.

आगाशांच्या जिन्यातच तिने सत्यशीलेला फोन लावला. लागला नाही. ती विमाननगरकडे एका शिवणकामाच्या युनिटमध्ये होती, आणि कामावर असताना मोबाईल कपाटात ठेवावे लागत. शंभू रांजणगावला कारखान्यात, तिथे तर मोबाईल फाटकावरच जमा होत. दोघांचेही फोन वाजून वाजून बंद झाले. अवनीने दोघांनाही निरोप लिहून ठेवला. घरी वैजनाथकाका एकटे होते. शेजारच्या विजयमालाबाई मध्येच येऊन त्यांना पाणी पाजायच्या आणि कूस बदलून द्यायच्या. त्यांचा नंबर अवनीकडे नव्हता.

ती सॅलिसबरी पार्कवरून गोळीबार मैदानाकडे आली आणि तिथे अडकली. पाऊस थांबला होता, पण चौकात पाणी साचलं होतं आणि गाड्या इंच इंच सरकत होत्या. सिग्नलला उभं असताना तिला पाण्याचं आठवलं. वैजनाथकाकांच्या बागेला कोण पाणी घालणार म्हणून तिने गॅलरीतल्या नळाला टायमर बसवून दिला होता. भरदुपारी बाराला तो आपोआप सुरू व्हायचा आणि वरच्या रांगेपासून खालपर्यंत पाणी झिरपत यायचं. पाण्याचा आवाज काकांना आवडतो, असं सत्यशीलेने मागे कळवलं होतं. पावसाळ्यात टायमर बंद ठेवायला सांगायचं अवनीच्या मनात होतं, पण राहून गेलं होतं.

बंडगार्डनच्या पुलावर वारा होता. नदीला पाणी आलं होतं, लोक कठड्याशी उभे राहून ते बघत होते. अवनीला फक्त मातीचं वजन दिसत होतं. एका कुंडीत किती पाणी राहील, अशा किती कुंड्या, बोल्टांनी किती धरलं असेल, याचा हिशेब ती पुन्हा पुन्हा करत होती आणि तो दर वेळी वेगळा येत होता. चौकट खाटेवर पडली तर त्यांना ओरडताही येणार नाही, हा विचार मात्र बदलत नव्हता.

लिफ्ट बंद होती. पाच मजले चढून ती वर पोचली तर दाराला बाहेरून कुलूप. विजयमालाबाईंच्या दारालाही कुलूप. समोरच्या दाराची घंटा तिने वाजवली, आत कुणी नव्हतं. ती वैजनाथकाकांच्या दारापाशी परत आली आणि स्वयंपाकघराच्या पॅसेजकडच्या झरोक्यातून हाक मारली.

"काका, मी अवनी. तुमची बाग केली होती ती."

आतून लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग लागोपाठ.

काका जिवंत होते, जागे होते, आणि काहीतरी सांगत होते. तिने कपाळ दाराला टेकवलं.

"काका, बाग हलतेय का? हलत असेल तर एकदाच वाजवा."

आवाज थांबला. मग एकदा आला, ठळक.

ती खाली धावली. गेनबा नावाचा वॉचमन गेटपाशी पेपर वाचत होता. तिने त्याला आधी कुलूप तोडायला सांगितलं, ते तो ऐकेना. दुसऱ्याच्या घराचं कुलूप तोडून उद्या मलाच पोलिसांत नेतील, असं तो म्हणाला, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. विजयमालाबाई सकाळी जिना उतरताना दिसल्या होत्या, त्यांच्याकडे किल्ली असते, एवढंच त्याला माहीत होतं. मग अवनीने त्याला निदान गच्चीवरून पाणी बंद करायला सांगितलं. सोसायटीच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही, असं तो म्हणू लागला. तेव्हा अवनीने पहिल्यांदा कुणापाशी तरी सगळं सरळ सांगून टाकलं. मी बसवलेली चौकट भिंतीतून निघतेय, तिच्याखाली म्हातारा माणूस पडलाय, आणि आता तिच्यावर पाणी पडणार आहे. गेनबाने पेपर खाली ठेवला आणि जिन्याकडे पळाला.

गच्चीवरच्या कुठल्या चावीने कुणाचं पाणी बंद होतं, हे गेनबालाही ठाऊक नव्हतं. त्याने त्या बाजूच्या सगळ्या चाव्या फिरवल्या. अवनी पाचव्या मजल्यावर झरोक्याला कान लावून उभी होती. बारा वाजले, आत टायमरचा बारीक आवाज झाला, पाइपमध्ये उरलेलं पाणी खळखळलं आणि थांबलं.

पाणी गेलं तशी इमारत जागी झाली. दारं उघडली, पॅसेजमध्ये बायका जमल्या, कुणाच्या डोक्याला शांपू लागलेला, कुणाची भांडी अर्धवट. पाणी कुणी बंद केलं, याची वरून खालपर्यंत चौकशी सुरू झाली. अवनी जिन्याच्या कठड्यावरून वाकून सांगत राहिली, पाणी मी बंद केलं, विजयमालाबाई कुठे आहेत? दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, त्या तर आमच्याच घरी आहेत, बारशाची तयारी चाललीय. विजयमालाबाई हाताला पीठ लागलेल्या तशाच जिना चढून आल्या. किल्ली त्यांच्या कमरेच्या पिशवीतच होती.

दार उघडलं. गॅलरीत अंधारल्यासारखं झालं होतं. चौकटीची वरची बाजू भिंतीपासून सुटून पुढे झुकली होती आणि तिच्यामागे गिलाव्याला लांब भेग पडली होती. वरच्या रांगेतल्या मिरच्या खाटेवर ओणवल्या होत्या. खाली वैजनाथकाका डावा हात सरळ वर करून चौकटीची खालची पट्टी दाबून धरून होते. चेहरा घामाने भिजला होता. झरोक्यातून हाक आली तेव्हा वाजवायला म्हणून त्यांनी हात क्षणभर काढला असेल, तेवढाच.

त्या एका हाताने ते वजन पेलणं शक्य नव्हतं. अवनीला ते कळत होतं. पण ते किती वेळ असे धरून होते, हे विचारायचं तिला धैर्य झालं नाही.

खाट ओढायला गेलं तर धक्क्याने चौकटच खाली आली असती. काकांनाच चादरीसकट उचलून काढावं लागणार होतं. अवनी खाटेवर चढली, त्यांच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी राहिली आणि चौकटीला तिने दोन्ही हात आणि खांदा लावला. वजन तिच्या अंगावर आलं. ओली माती तिच्या गळ्यातून आत घसरली.

"काका, मी धरलंय. आता सोडा."

त्यांनी सोडलं नाही. ते तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग होता की भीती, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. विजयमालाबाईंनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. भाऊ, सोडा हो, पोरगी आहे ना धरून, असं काहीसं त्या पुटपुटत होत्या. मग त्यांची बोटं एकेक करून उघडली. विजयमालाबाईंनी डोक्याकडून आणि गेनबाने पायाकडून चादर धरली आणि काकांना अवनीच्या पायांमधून सरकवत खोलीत नेलं. गेनबा परत आला तोवर अवनीच्या दंडात गोळे आले होते. दोघांनी मिळून चौकट खाटेवर उतरवली. शेवटचे दोन बोल्ट पिकल्या फळातून बी निघावी तसे भिंतीतून निघून आले. जोर असा लावावाच लागला नाही.

सत्यशीला जेवणाच्या सुट्टीत निरोप वाचून रिक्षाने आली. तोवर काकांना पाणी पाजून झालं होतं, अंग पुसून झालं होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. अवनीने तिला दारातच थांबवून सगळं सांगितलं. भिंत कशाची आहे हे मी नीट तपासलं नव्हतं, पूड बघूनही तपासलं नव्हतं, आणि खाट तिथेच ठेवा असं मीच म्हटलं होतं. त्यात तिने पावसाला किंवा बिल्डरला ओढलं नाही.

सत्यशीला ऐकत होती, पण तिची नजर गॅलरीतल्या भेगेवर होती.

"काल सकाळपासून मामा त्या भिंतीकडे हात करत होते," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, भाजी मागताहेत. मी मेथी खुडली आणि करून घातली. रात्री पुन्हा हात केला, तर मी म्हटलं, रोज रोज मेथी काय मामा. हसले मी त्यांना."

ती खाली बसली. अवनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला वाकली, तेव्हा तिने तो बाजूला केला.

"तुम्ही आता जा, ताई."

पुढचे दिवस अवनी घरोघर फिरत होती. प्रत्येक भिंतीत कोपऱ्यात बारीक भोक पाडून बघायचं आणि मगच बोलायचं, असं तिने केलं. बहुतेक भिंती विटांच्याच निघाल्या. तरी तिने प्रत्येक चौकटीला जमिनीपर्यंत पाय लावून दिले. काहींनी बागा काढून न्यायला सांगितल्या, त्या तिने नेल्या. दिगंबरकाकांनी मात्र नवी उभी चौकट करून घेतली. इमारतीत येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती दाखवत, आणि ही बाग सध्या तरी मुक्कामाला आहे, असं सांगत. अवनीला रात्री झोप लागायची नाही. डोळा लागलाच, तर हातातून वजन सुटल्यासारखं होऊन ती दचकून उठायची.

येरवड्याहून काहीच कळलं नाही. तिने दोनदा फोन केला. सत्यशीलेने एकदा उचलला आणि मामा बरे आहेत, एवढं सांगून ठेवला.

गणपती होऊन गेल्यावर तिचा फोन आला. आवाज अजून कोरडाच होता. मामांची खाट आता आतल्या खोलीत टीव्हीसमोर होती. ते टीव्ही बघत नव्हते, नीट जेवतही नव्हते. गॅलरीकडे तोंड करून पडायचे, पण तिकडे नेऊ लागलं की डाव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरून ठेवायचे. जमिनीवर उभं राहील असं काही होईल का, असं तिने विचारलं. भिंतीला हातही लावायचा नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

अवनीने नवी मांडणी केली. रुंद पायांची, कमरेएवढीच उंच, सगळं वजन खालच्या रांगेत. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहणार होती, डोक्याशी नाही. हात पोचण्यासाठी काकांना उठवून बसवावं लागेल, हे तिने आधीच सांगितलं. सत्यशीला म्हणाली, बसवू. रविवार होता, शंभूही घरी होता. त्याने पाण्याचा पेला अवनीसमोर ठेवला आणि खाट परत गॅलरीत नेऊन ठेवली. मांडणी लावून झाली. मेथी अजून बोटभरच होती.

शंभूने वडिलांना उचलून गॅलरीच्या दारापर्यंत आणलं. तिथे त्यांनी दाराची चौकट धरली. मग डावा हात सोडून मांडणीकडे केला आणि हलवून दाखवला.

"हलवून बघा म्हणताहेत," सत्यशीला म्हणाली. ती आता त्यांचा हात नीट बघायला शिकली होती.

अवनीने मांडणी धरून जोराने हलवली. ती हलली नाही. तिने तिच्यावर आपला सगळा भार टाकला. वैजनाथकाकांनी मान हलवली, पण ते पुढे जाईनात. त्यांनी अवनीकडे बोट केलं आणि मग रिकाम्या खाटेकडे. सत्यशीलेला अर्थ सांगावा लागला नाही. अवनी खाटेवर आडवी झाली.

वर छत होतं. बाजूच्या भिंतीवर बुजवलेल्या भगदाडांचे डाग होते. त्या भिंतीवर आता काहीच नव्हतं, तरी तिचं लक्ष तिकडेच जात होतं. एखादं माणूस इथे दिवसभर कसं पडून राहिलं असेल, हे तिला तोवर खरं कळलंच नव्हतं. तिने उठायची घाई केली नाही. दारातून काका तिच्याकडे बघत होते, शंभूच्या हाताला रग लागली असेल तरी त्यांनी त्याला हलू दिलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतला आणि आतल्या खोलीकडे वळवला.

"आज नको म्हणताहेत," सत्यशीला म्हणाली. "उद्या बघू."

अवनी उठली. रोपांना आज पाणी घालू नका, माती ओली आहे, असं तिने सांगितलं. उद्या संध्याकाळी पुन्हा येऊ का, असं विचारलं. सत्यशीलेने थोडा विचार केला आणि सहानंतर या, असं सांगितलं.